आपत्तीत बहरलेली

मोशीच्या खाणीतला काळा पाषाण ताजा फोडला की त्यात बारीक पोकळ्या दिसतात. काही रिकाम्या, काही पांढऱ्या झिओलाइटनं भरलेल्या. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे हे बुडबुडे. याच कातळात चाकणच्या कारखान्यांचे पाये खणले गेले. पण अडकला तो वायू थोडा. बाकीचा आभाळात गेला आणि त्याची झळ समुद्रापर्यंत पोचली. ती जिनं सोसली, तिची ही ओळख.

गुम्बेलिट्रिया क्रेटेशिया. फोरामिनिफेरांपैकी एक, एका पेशीची, पाण्यात तरंगणारी. अंगावर चुन्याचं कवच, तीन रांगांत एकावर एक चढलेले गोल कप्पे. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाचा इवला घोसच. उंची मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. नक्षी नाही, कंगोरा नाही. तिच्या काळातल्या ग्लोबोट्रंकानांचा थाट निराळा: कवचं मोठी, कडा उठावदार, राहणं खुल्या समुद्राच्या शांत पाण्यात. सुकाळात समुद्र त्यांचा होता. हिची गणती नगण्य.

मग 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनच्या भेगांतून लाव्हा उसळू लागला, थरावर थर चढत गेले. कार्बन डायऑक्साइडनं समुद्र काही अंशांनी तापला, गंधकाच्या वायूंनी आम्लाचा पाऊस पाडला. थोरामोठ्यांची संख्या घटली, उरलेल्यांची अंगं खुरटली. आणि नेमकी त्याच दिवसांत ही बहरली. मिळेल ते खायचं, लवकर वयात यायचं, भराभर वाढायचं, असा तिचा स्वभाव असावा, असं अभ्यासक मानतात. मेघालयात उम सोहरिंगक्यू नदीकाठच्या त्या काळातल्या थरांत तर बहुतेक कवचं तिचीच आहेत.

पुढं युकातानला अशनी आदळला. तरंगत्या फोरामिनिफेरांच्या बहुतेक सगळ्या जाती संपल्या. ही उरली. संहाराचा दोष अशनीचा किती आणि लाव्ह्याचा किती, हा वाद अजून चालू आहे. मला अशनीचाच घाव निर्णायक वाटतो; पण आपल्या पायाखालच्या दगडाला निर्दोष सोडायला मन धजत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या कातळात ती सापडायची नाही. तेव्हा इथं समुद्र नव्हताच. गाठ पडते ती राजमहेंद्रीला. तिथल्या दगडखाणींत लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये समुद्री गाळ आहे. त्यातली संहारानंतर लगेचची तरंगती फोरामिनिफेरा गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली जगापुढं आणली. तिथल्या लाव्ह्याचं रसायन आपल्या आंबेनळी-महाबळेश्वरच्या थरांशी जुळतं. सह्याद्रीतून हजारएक किलोमीटर वाहत तो पूर्व किनाऱ्याला गेला, असं मानतात.

संहारानंतरच्या ओस समुद्रात तिनं पुन्हा एकदा रान मोकळं मिळवलं. नव्या युगाच्या काही जाती तिच्यातूनच निपजल्या. मग त्यांची गर्दी झाली आणि ती मागं पडत नाहीशी झाली. आजच्या समुद्रांत गॅलिटेलिया विवान्स नावाची एक जात आहे: तीच तीन रांगांची ठेवण, तीच इवली अंगकाठी. अनेकांनी तिला हिची लेक मानलं होतं. 2008 साली डीएनए तपासल्यावर कळलं की तिचं मूळ वेगळं आहे. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांतून ती स्वतंत्रपणे वर आली आहे.