शनिवारची माणसं

'कौंटी' हा शब्द आमच्या पिढीला क्रिकेटने शिकवला. फारुख इंजिनियर लँकेशायरकडून खेळायचा, बिशनसिंग बेदी नॉर्दम्प्टनशायरकडून, आणि १९८० साली आपला सुनील गावसकर सॉमरसेटकडून. हे प्रांत नकाशात कुठे आहेत याचा पत्ता नसतानाही नावं मात्र तोंडपाठ. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, एवढं कळलं की भागायचं. पण या कौंट्या क्रिकेटइतक्याच ईर्ष्येने एकमेकींशी बुद्धिबळही खेळत आल्या आहेत, हे मात्र मला सत्तरी गाठल्यावर कळलं.

कळलं ते असं. मुलगी लीड्सजवळ राहते. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तीन महिने तिच्याकडे होतो. संध्याकाळी चारलाच अंधार, घरात करायला काही नाही, तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, चला आज क्लबात." एका सभागृहात पट मांडलेले, दहाबारा माणसं मान खाली घालून बसलेली, कोपऱ्यात चहाची किटली. जावई आपल्या संघात सगळ्यात शेवटच्या पटावर बसतात. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी सांगितलं, की यॉर्कशायरमधली वुडहाउस कप नावाची आंतरक्लब स्पर्धा १८८० च्या दशकापासून चालू आहे. म्हणजे आपल्या काँग्रेसच्या स्थापनेच्या सुमाराची! मास्तरकीची खोड अशी, की अशी काही सनावळी कानावर पडली की स्वस्थ बसवत नाही. घरी परत आल्यावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं मला भावलेलं इथे मांडतो आहे. नुसती खेळाची माहिती हवी असणाऱ्यांनी पुढे वाचलं नाही तरी राग नाही.

पहिला प्रश्न मला पडला तो अगदी साधा. ही माणसं खेळायची केव्हा? उत्तर आहे शनिवारी दुपारी. इंग्लंडात १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका आणि पोरं यांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. ती थांबली की गिरणीच थांबे, त्यामुळे पुरुषांनाही ती सुटी आपसूक मिळाली. पुढे कचेऱ्या आणि दुकानंही हळूहळू त्या वाटेने गेली. ती अर्धी सुटी फुटबॉलने बळकावली हे जगाला माहीत आहे. पण तिचा एक कोपरा बुद्धिबळाच्या वाट्याला आला. त्यातून आगगाडीचं जाळं तयार होतंच. दुपारी एकला कारकुनाने लेखणी ठेवायची, दीडची गाडी पकडायची, शेजारच्या कौंटीत चार-साडेचार तास डाव खेळायचा आणि रात्रीच्या गाडीने घरी. रविवारी सकाळी देवळात हजर! सुटीच्या कायद्याशिवाय आणि रेल्वेच्या वेळापत्रकाशिवाय हा खेळ कौंट्यांचा झालाच नसता असं मला वाटतं. खेळाचा इतिहास लिहिणारे याबद्दल फार कमी लिहितात. त्यांचा सगळा जीव चालींत.

दुसरी गोष्ट जागेची. लंडनमध्ये सिम्पसन्स डिव्हानसारखी नामांकित बैठक होती. तिथे पैसे लावून खेळणारे धंदेवाईक बसत. कौंटीचे सामने मात्र गावागावांतल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये, दारूबंदीवाल्यांच्या हॉटेलांत, चर्चला लागून असलेल्या दालनांत होत. खेळणारे कोण? शाळामास्तर, बँकेतले कारकून, डॉक्टर, वकील, दुकानदार आणि पाद्री. पाद्री तर इतके, की त्या काळच्या संघांच्या याद्यांत 'रेव्हरंड' शब्द सारखा भेटतो. आपण ज्याला उंट म्हणतो त्याला इंग्रज बिशप म्हणतात. एखाद्या पाद्र्याला आपल्या वरिष्ठाचा बळी द्यावा लागत असेल तेव्हा काय वाटत असेल, असं मनात येऊन मी एकटाच हसलो.

आता सामना कसा व्हायचा ते सांगतो, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. बुद्धिबळ म्हणजे एकट्याचा खेळ. हरलात तर दोष द्यायला वाऱ्याची दिशा नाही, खेळपट्टी नाही, पंचही नाही. असा खेळ संघाने खेळायचा म्हणजे काय? कप्तान आपले खेळाडू ताकदीच्या क्रमाने लावतो. सगळ्यात बळकट तो पहिल्या पटावर, मग दुसरा, तिसरा. पुढच्या काळात सोळा पटांचा सामना ही रीत पक्की झाली. नाणेफेक जिंकणाऱ्या संघाला एकाआड एक पटावर पांढरी मोहरी मिळतात. प्रत्येक डावाला एक गुण, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा अर्धा. आणि शेवटी बेरीज.

या बेरजेतच मेख आहे. पहिल्या पटावर राष्ट्राचा अजिंक्यवीर बसलेला असो आणि सोळाव्यावर पोस्टातला बाबू, दोघांचा गुण सारखाच मोजला जातो. अजिंक्यवीर जिंकला म्हणून सव्वा गुण नाही, आणि बाबूने कशीबशी बरोबरी साधली तरी त्याचा अर्धा गुण अर्धाच राहतो, पाव होत नाही. १८९३ च्या जानेवारीत बर्मिंगहॅमला उत्तर इंग्लंड विरुद्ध दक्षिण इंग्लंड असा एक प्रचंड सामना झाला. शंभराहून जास्त पट मांडले होते, म्हणजे दोनशेच्या वर माणसं एकाच वेळी डोकं धरून बसलेली. दक्षिणवाले जिंकले, पण अगदी निसटते. अशा वेळी नव्वदाव्या पटावरच्या माणसाला परतीच्या गाडीत कोण विचारत नसेल?

संघटना मात्र इंग्रजी शिस्तीने हळूहळू उभी राहिली. दक्षिणेकडच्या कौंट्यांचा संघ १८९२ साली झाला, ब्रिटिश चेस फेडरेशन १९०४ साली, आणि १९०८ पासून कौंट्यांचं अजिंक्यपद सुरू झालं. या तपशिलात मी तुम्हाला अडकवत नाही. घड्याळाचं मात्र सांगितलं पाहिजे. आधी वाळूची घड्याळं वापरत. मँचेस्टरच्या टी. बी. विल्सन यांनी एका आडव्या दांडीवर दोन घड्याळं बसवून तराजूसारखी युक्ती काढली. आपली चाल झाली की दांडी कलवायची, आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. १८८३ च्या लंडनच्या मोठ्या स्पर्धेत ही घड्याळं वापरली गेली. पुढे ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी या जवाहिऱ्यांच्या पेढीने तशी घड्याळं बनवली. याच पेढीने १९११ साली फुटबॉलचा एफ. ए. कप घडवला, आणि त्याच वर्षी तो जिंकला ब्रॅडफर्डच्याच संघाने. घरचा चषक घरी!

घड्याळ आलं तरी परतीची गाडी कोणासाठी थांबत नाही. वेळ संपली आणि डाव अर्धवट राहिला, तर पटावरची स्थिती कागदावर उतरवून एखाद्या नाणावलेल्या खेळाडूकडे पाठवायची. तो अभ्यास करून निवाडा द्यायचा, की हा डाव पांढऱ्याचा, हा काळ्याचा, हा बरोबरीचा. तोपर्यंत सामन्याचा निकालच लटकलेला. जिंकलो की हरलो हे कळायला कित्येक दिवस टपालाची वाट पाहायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही पद्धत टिकली. आजच्या मुलांना हे रानटी वाटेल. मला मात्र त्यातला विश्वास आवडतो. अर्थात, अर्धा डाव आपण खेळायचा आणि शेवट दुसऱ्याने ठरवायचा, हे पचवायला कठीणच.

या संदर्भात ब्रिस्टलच्या मेरी रज या बाईंची गोष्ट आठवते. १८९७ साली लंडनला बायकांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ती या अविवाहित, पंचावन्न वर्षांच्या आणि परिस्थितीने गांजलेल्या बाईंनी जिंकली. पुढच्याच वर्षी जगज्जेता लास्कर एकाच वेळी अनेकांशी खेळला, त्यांत याही होत्या. वेळ संपली, डाव अपुरा राहिला. लास्करने पटाकडे पाहिलं आणि नीट खेळल्यास आपण हरणार हे ओळखून स्वतःच हार मानली. तिथे निवाडा करायला तिसऱ्या कोणाची गरज पडली नाही.

१९१४ साली महायुद्ध आलं आणि हे सगळं थांबलं. राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा १९१५ ते १९१९ झालीच नाही. शनिवारी दुपारी गाडी पकडणारा कारकून-मास्तरांचा हा वर्ग एकदम लष्करात भरती झाला. उत्तरेत एका गावची, एका कचेरीतली मुलं मिळून एकेक पलटण उभी राहिली, त्यांना 'पॅल्स' म्हणजे दोस्तांच्या पलटणी म्हणत. लीड्स आणि ब्रॅडफर्डच्या अशा पलटणी १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत पहिल्याच दिवशी कापल्या गेल्या. लीड्सच्या रस्त्यांवरून फिरताना युद्धस्मारकांवरच्या नावांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. संघांच्या यादीसारख्याच दिसतात, एकाखाली एक.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या माणसाकडे येतो. हेन्री अर्नेस्ट अॅटकिन्स. जन्म लिस्टरचा, १८७२. केंब्रिजला गणित शिकला आणि शाळामास्तर झाला. १८९९ साली अॅमस्टरडॅमच्या स्पर्धेत पंधरा डाव खेळला आणि पंधराही जिंकला. १९०२ साली हॅनोव्हरला जगातल्या मातब्बरांत तिसरा आला. १९०५ ते १९११ सलग सात वर्षं ब्रिटनचा अजिंक्यवीर. एवढं झाल्यावर कोणीही म्हणेल, की आता हा शाळा सोडून जगभर हिंडणार. तर हा गृहस्थ १९०९ साली यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्ड कॉलेज या शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. परदेशी स्पर्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

बुद्धिबळावर लिहिणारे त्याच्याबद्दल हळहळतात. पूर्ण वेळ खेळला असता तर कुठल्या कुठे गेला असता, असा सूर असतो. हा सूर मला टोचतो, आणि का टोचतो तेही सांगून टाकतो. १९७९ साली आमच्या जिल्ह्यातून राज्य पातळीवरच्या स्पर्धेसाठी माझं नाव निघालं होतं. त्याच आठवड्यात दहावीच्या वर्गाची सराव परीक्षा. रजा मिळाली नाही. मी गेलो नाही. नंतर कितीतरी वर्षं लोक म्हणत, "सर, तुम्ही पुढे जायला हवं होतं." माझी ताकद अॅटकिन्सच्या पासंगालाही पुरणार नाही, तेव्हा तुलना नको. पण 'पुढे' म्हणजे नक्की कुठे, हा प्रश्न मला तेव्हाही पडे. छत्तीस वर्षं ज्या वर्गात उभा राहिलो, तो 'मागे' होता का? हडर्सफील्डच्या त्या शाळेत गणित शिकलेल्या मुलांना आपले सर वाया गेलेले खेळाडू आहेत असं वाटलं असेल का?

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, ती म्हणजे फ्रेड येट्स. हा तर अस्सल यॉर्कशायरचा, लीड्सजवळच्या बर्स्टलचा. हिशेबनीस होण्याचं शिक्षण घेतलेला. तो मार्ग सोडून त्याने बुद्धिबळ हाच धंदा केला. सहा वेळा ब्रिटनचा अजिंक्यवीर झाला, १९२३ साली कार्ल्सबादला त्याने अलेखिनला हरवलं तो डाव आजही डोळे भरून पाहावा असा आहे. (मी पट मांडून तीनदा खेळून पाहिला.) पैसा मात्र कधी जमला नाही. वर्तमानपत्रांत लिहायचं, प्रदर्शनाचे डाव खेळायचे आणि दिवस काढायचे. नोव्हेंबर १९३२ मध्ये लंडनच्या खोलीत गॅसच्या जुनाट जोडणीतून गळती झाली आणि झोपेतच तो गेला. वय अठ्ठेचाळीस. त्याला वाया गेलेला हिशेबनीस कोणी म्हणत नाही. म्हणूही नये. पण मग अॅटकिन्सला वेगळा न्याय का?

(त्याच सुमाराला पंजाबातला मीर सुलतान खान तीनदा ब्रिटनचा अजिंक्यवीर झाला. ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे, पुन्हा केव्हातरी लिहीन.)

जावयांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, मला एवढंच माहीत आहे की शेवटच्या पटावर बसलं की समोरचाही शेवटचाच असतो." मला हे उत्तर भारी आवडलं.

अॅटकिन्सचं थोडं उरलं आहे. १९११ नंतर त्याने अजिंक्यपदाच्या स्पर्धेकडे पाठ फिरवली होती. १९२४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तो पुन्हा उतरला आणि जिंकला. १९२५ साली परत जिंकला. १९३६ साली शाळेतून निवृत्त झाला. आणि पुढच्या वर्षी ब्लॅकपूलला राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा पासष्ट वर्षांचे मुख्याध्यापक पटापाशी येऊन बसले. या खेपेला कोणाची रजा मागायची नव्हती.