आगकाड्यांचें स्थापत्य

आमच्या आळीच्या टोकाशीं एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या मुख्याध्यापिकाबाई गेल्या वर्षीं सप्टेंबरच्या आरंभीं एके दिवशीं सकाळींच घरीं आल्या. १५ सप्टेंबर हा मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. त्या दिवशीं चौथीच्या मुलांना इंजिनिअर म्हणजे काय, तें कोणीतरी सांगावें, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही पाटबंधाऱ्यांच्या कामावर एकतीस वर्षें काढून निवृत्त झालेले. तेव्हां हें निमंत्रण आमच्याकडे यावें हें ओघानेंच आलें. आम्हीं आनंदानें रुकार दिला आणि तीन दिवस खपून व्याख्यान लिहून काढलें.

व्याख्यान वाईट नव्हतें, असें अजूनहि आम्हांस वाटतें. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकले; पुढें १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर त्यांच्या योजनेचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठराविक पातळीला चढलें कीं दरवाजे आपोआप उघडावयाचे, उतरलें कीं मिटावयाचे. यामुळें धरणाची उंची न वाढवितां अधिक पाणी सांठविण्याची सोय झाली. ही युक्ति समजावून देतांना आमचाच गळा भरून आला. मुलें मात्र दहा मिनिटें हाताची घडी घालून बसलीं, व मग खिडकींतून बाहेरचीं कबुतरें मोजूं लागलीं. शेवटीं आम्हीं विचारलें, “कोणाला कांहीं शंका?” पहिल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. “आजोबा, तुम्हांला बारावीला किती टक्के होते?”

वर्ग हसला नाहीं. त्या नऊ वर्षांच्या मुलांच्या दृष्टीनें तीच काय ती खरी शंका होती. आणि आम्हीं काय करावें? किंचित् अभिमानानें आंकडा सांगितला!

हा प्रश्न त्या मुलानें कोठून आणला, तें शोधावयास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. आमच्याच माजघरांतून तो गेला असावा, इतका तो ओळखीचा होता. आमच्या घरांत तिघे इंजिनिअर झाले. चौथा व्हावयाचा होता तो आमचा पुतण्या. लहानपणीं त्यानें एकदां आजीचें शिवणयंत्र उघडलें होतें. एकेक स्क्रू काढावा आणि वर्तमानपत्रावर क्रमानें मांडून ठेवावा, असें काम चाललेलें. आम्हीं तें पाहिलें व त्याच्या कानशिलांत दिली. “आधीं परीक्षा पास हो, मग यंत्रें उघड!” संध्याकाळीं त्यानें यंत्र पुन्हां जोडून ठेवलें होतें आणि तें चालतहि होतें, पण तेवढें बोलून दाखविण्याचें औदार्य आमच्यापाशीं नव्हतें. पुढें बारावी होतांच त्यास स्थापत्याच्या शाखेंत आम्हींच घातलें. घरांत वडील आम्ही, म्हणून धाकट्या बंधूंनींहि त्याला कांहीं विचारलें नाहीं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो कॉलेज सोडून घरीं आला. आज तो एका पतपेढींत नोकरी करतो. एका पंक्तीला बसून जेवतों खरे. परंतु ‘भात वाढा’ यापलीकडे आमच्यांत गेलीं बारा वर्षें फारसें संभाषण नव्हतें.

टक्क्यांची ती हकीकत आम्हीं त्या रात्रीं जेवतांना सांगितली. सगळे हसले. पुतण्यानें ताकाचें भांडें खालीं ठेवून एवढेंच विचारलें, “मग अण्णा, तुम्हीं सांगितलेत?”

रात्रीं झोंप आली नाहीं. पडल्या पडल्या अरविंद गुप्ता यांचें पूर्वीं वाचलेलें एक पुस्तक आठवलें. कानपूरच्या आय्. आय्. टी. मधून १९७५ सालीं पदवी घेतलेला हा गृहस्थ पुण्यास मोटारीच्या कारखान्यांत होता. १९७८ सालीं तो होशंगाबाद जिल्ह्यांतल्या खेड्यांच्या शाळांत चाललेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यांत गेला, आणि तेथें त्यानें आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांतून सांगाडे जोडण्याची एक पद्धति बसविली. नळीचा पेराहून लहान तुकडा घ्यावा व दोन्ही तोंडांतून एकेक काडी सारावी, कीं सांधा तयार. बाजारांत हल्लीं मुलांसाठीं सूचनांसह मिळणाऱ्या महागड्या पेट्यांपेक्षां हा सरंजाम आम्हांस शतपटींनीं बरा वाटतो. पेटींतला पूल जोडून झाला कीं पेटी कपाटावर जाते.

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं बाईंकडे जाऊन आणखी एक तास मागून घेतला व काड्यांचा गुल तासावयास बसलों. वीस जोड्यांना अडीचशे काड्या हव्या होत्या. पुतण्या पाणी प्यावयास आला, क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, “ब्लेड असें धरूं नका, अण्णा.” मग तोच शेजारीं बसला. तीन काड्यांच्या सांध्यासाठीं नळीला मध्यें भोंक पाडावें लागतें. तें त्यानें सौभाग्यवतींच्या गोधडीच्या सुईनें पाडून दाखविलें. बारा वाजेपर्यंत आम्ही दोघे बसलों होतों. शिवणयंत्राचा विषय आम्हीं काढला नाहीं. काढावयास हवा होता.

वर्गांत या खेपेस आम्हीं एकहि धरण सांगितलें नाहीं. तीन काड्यांचा त्रिकोण करा, चार काड्यांचा चौकोन करा, आणि दोन्ही दाबून पाहा, एवढेंच सांगितलें. त्रिकोण हलेना, चौकोन मात्र लगेच कलंडूं लागला. “हा झोपतो!” असा एकच गलका झाला. अमेरिकेंतले बकमिन्स्टर फुलर बालवर्गांत असतां त्यांची दृष्टि अतिशय अधू होती; दांतकोरण्या व वाटाणे जोडतांना त्रिकोण तेवढा टिकतो हें त्यांना डोळ्यांऐवजीं बोटांना कळलें, असें ते पुढें सांगत. चाळीस मुलांच्या बोटांना तेंच एका वेळीं कळतांना आम्हीं पाहिलें.

मग प्रत्येक जोडीला आम्हीं आणखी एक काडी दिली. “हिच्या साहाय्यानें चौकोन उभा ठेवा.” बहुतेकांनीं ती कोनाकोनी घालून पाहिली, ती अर्थातच अपुरी पडली. चौरसाचा कर्ण बाजूच्या जवळजवळ दीडपट असतो, हें सातवी-आठवींत यावयाचें गणित त्यांच्या हातांत आधींच येऊन पडलें. कोणी लांब काडी मागितली. एकानें तर कोपऱ्यांतल्या खराट्याचा हीरच मोडून आणला! आणि दोन वेण्यांच्या एका मुलीनें चौकोनच हळूहळू दाबीत नेला. समोरासमोरचे दोन कोपरे जवळ आले, काडी बेतशीर बसली, आणि ती तिरपी आकृति टणक झाली. “काडी वाढत नाहीं ना, आजोबा. मग चौकोनच वाकवला.”

एकतीस वर्षांत लांब तुळईच्या मागणीचीं पत्रें आम्हीं कितीतरी लिहिलीं असतील. चौकोन वाकवून पाहावा, हें आमच्या मनांत कितीदां आलें होतें बरें?

टक्के विचारणारा मुलगा शेवटीं जवळ आला. या खेपेस त्यानें काड्या घरीं नेऊं का, एवढेंच विचारलें.

सायंकाळीं आम्ही परतलों तेव्हां पुतण्या ओटीवर होता. “झोपले का चौकोन?” आम्हीं त्या मुलीची गोष्ट सांगितली. त्यानें उरलेल्या काड्यांचा चौकोन केला, दाबला, काडी बसविली आणि बराच वेळ तो तसाच हातांत धरून बसला. मग म्हणाला, “पुढच्या शनिवारीं मला सुट्टी आहे.”

नळी संपली होती. सायकलवाल्याचें दुकान साडेआठला मिटतें, म्हणून तो तसाच पायांत चपला सरकवून बाहेर पडला.