जुन्या वाद्याचे मोल

जुन्या वाद्याचे मोल कशात असते? लाकडात, कारागिराच्या हातात की स्वरात? आम्हां मराठी शिकविणाऱ्यांना हा प्रश्न पडला तो छत्रपती संभाजीनगरातील एका दिवंगत सहकाऱ्यांच्या तंबोऱ्यामुळे. तंबोरा मिरजेचा. दिवाणखान्याच्या शोभेसाठी एक गृहस्थ तो मोठ्या रकमेला मागत होते. गाणे शिकणारी एक विद्यार्थिनी जेमतेम निम्मी रक्कम देऊ शकत होती. वहिनींनी आमचे मत विचारले.

मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. मंगळवेढा-पंढरपूर भागातील भोपळ्यांवर उभ्या राहिलेल्या या कलेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

जॅझवादकांच्या आर्चटॉप गिटारीची गोष्टही अशीच. गिब्सन कंपनीची एल-५ गिटार १९२२ मध्ये आली. व्हायोलिनप्रमाणे कोरलेल्या तिच्या कमानदार अंगामुळे बँडच्या कल्लोळातही तिचा ताल ऐकू येई. आज लॉइड लोअर यांच्या सहीच्या गिटारींना संग्राहक असा भाव देतात, की सामान्य वादकाने त्यांची आशाच सोडावी.

तंबोऱ्याची जवारी मात्र वाजवूनच झिजते आणि ती पुन्हा पुन्हा काढावी लागते. न झिजणारा तंबोरा म्हणजे न गायलेला तंबोरा. म्हणून आम्ही विद्यार्थिनीचे नाव सुचविले. वहिनींनी ते मानले. मत आमचे होते. उरलेल्या निम्म्या रकमेवर पाणी सोडले ते त्यांनी.