चुन्याची माशी

आम्हा दोघा भावांचं गाव दापोली तालुक्यातलं, पण गेली तीस वर्षं राहणं अमेरिकेत, मिशिगन राज्यात. दोघांनीही साठी ओलांडली. दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचा परवाना काढायचा आणि राज्याच्या उत्तर भागातल्या जंगलात चार दिवस काढायचे, हा आमचा एकुलता एक शौक. तिथे बंदुकीचा हंगाम 15 ते 30 नोव्हेंबर असा ठरलेला असतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते, त्यानंतर नाही. अंगावर भडक नारिंगी कपडा सक्तीचा. गावाकडच्या नातलगांना याचं नवल वाटतं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. इथे मात्र हरणं इतकी आहेत की सरकारच मारायला सांगतं.

शिकारीचं वेड आजोबांकडून आलं असावं. त्यांच्याकडे शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावर बसायचं. डुक्कर पडलं तर ते दुसऱ्या वाडीतली माणसं घेऊन जात, भेकर मिळालं तर ते आमच्या घरी शिजे. अंधारात नळीच्या टोकाची माशी दिसत नाही म्हणून आजोबा पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन माशीला लावीत. तो पांढरा ठिपका तेवढा दिसायचा. आमच्या लहानपणी हे मोठं नवल वाटे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमची बंदूक मार्लिन 336, थर्टी-थर्टी काडतुसाची. दाट झाडीत जवळच्या माऱ्याला ही जुनी जोडी इथले लोक अजून सोडत नाहीत. आम्ही बसतो ती जागा म्हणजे सीडारच्या झाडांची दलदल. दुपारी चारलाच तिथे मगरिबचा उजेड असतो. पन्नास वारांपलीकडे काही दिसतच नाही. अशा जागेसाठी दुर्बीण घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच 40 मिलिमीटरची दुर्बीण काढून दिली. "सगळ्याला चालते," म्हणाला. आम्हीही घेतली. चांगली वस्तू होती, तिला नावं ठेवणार नाही.

2022 च्या नोव्हेंबरात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाळीस पावलांवर हरीण आलं. दिवसा लांबचं पाहताना दुर्बीण नऊ पटीवर फिरवली होती, ती तशीच राहिली. डोळा लावला तर काचभर नुसते तपकिरी केस. खांदा कुठे, पाठ कुठे, काही कळेना. भाईजान कुजबुजले, "खांदाच आहे, मार." बिस्मिल्लाह म्हणून घोडा ओढला. तो खांदा नव्हता, मांडी होती.

बंदूक गाडीत ठेवून टॉर्चच्या उजेडात रात्री अकरापर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलो. पाण्याजवळ माग तुटला. सकाळी सापडलं तेव्हा कायोटींनी अर्धं खाल्लेलं होतं. गोळीने मेलेलं जनावर हलाल की नाही, यावर आलिमांत मतभेद आहेत. आमच्या घरात त्या वादात कधी कोणी पडलं नाही. जनावरात जीव असतानाच पोहोचायचं आणि सुरी फिरवायची, ही आजोबांपासूनची रीत. म्हणजे जनावर जागेवर पडलं पाहिजे. इथे तर ते रात्रभर तडफडलं आणि कोणाच्याच तोंडी लागलं नाही. परतीच्या पाच तासांच्या रस्त्यात आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही.

भाभीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिसत नव्हतं तर मारलंत कशाला?" याला उत्तर नव्हतं. दुर्बिणीला दोष देणं सोपं होतं, आणि काही दिवस आम्ही तो दिलाही.

मग हिशेब मांडला. भाईजानचं म्हणणं, अंधार आहे तर पुढची काच 50 ची घेऊ, उजेड जास्त येईल. ऐकायला बरोबर वाटतं. पण पुढच्या काचेच्या मिलिमीटरना पटीने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाची रुंदी मिळते. 40 ला नऊने भागा, साडेचारही येत नाही. चार पटीवर तीच काच 10 मिलिमीटरचा गोल देते. पण तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरच्या आसपास उघडते, आमच्या वयाची पाचपर्यंत उघडली तरी पुष्कळ. उरलेला उजेड बुबुळावर पडून फुकट जातो. म्हणजे चार पटीला 20 मिलिमीटरची काचसुद्धा आम्हा म्हाताऱ्यांना पुरते! शिवाय मोठी काच नळीला टेकू नये म्हणून उंच कड्यांवर बसवावी लागते. मग गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि घाईत डोळा काचेच्या मधोमध येत नाही. हे पटायला भाईजानना दोन महिने आणि बरीच चहा-बिस्किटं लागली.

दुसरी गोष्ट, दिसण्याच्या रुंदीची. नऊ पटीवर शंभर वारांवर सुमारे बारा-चौदा फुटांचा पट्टा दिसतो. पन्नास वारांवर त्याच्या निम्मा. दीड पटीवर तोच पट्टा पाचपट-सहापट रुंद होतो, अख्खं हरीण, त्याच्या मागचं झाड, बाजूचं दुसरं हरीण, सगळं एकदम दिसतं. शेवटी दीड ते पाच पटीची, 20 मिलिमीटर काचेची लहानशी दुर्बीण घेतली आणि बुटक्या कड्यांवर बसवली. आतल्या फुलीच्या रेघा जाडजूड, कारण बारीक काळी रेघ काळ्या झाडीत हरवून जाते. मध्यभागी बॅटरीवर पेटणारा तांबडा ठिपका. तो अगदी मंद ठेवायचा, प्रखर केला तर डोळाच दिपतो आणि हरीण नाहीसं होतं. ठिपका पहिल्यांदा पेटवला तेव्हा भाईजान हसले. "आजोबांचा चुना," म्हणाले.

काय आहे ते ओळखायचं मात्र गळ्यातल्या साध्या दुर्बिणीने, बंदुकीवरच्या नव्हे. ज्याच्याकडे नळी रोखली तो माणूस निघाला तर? संधिप्रकाशात नारिंगी कपडाही करडा दिसतो.

2023 मध्ये पहिल्या संध्याकाळी हरीण आलं. वेळ संपायला दहा मिनिटं होती. नव्या दुर्बिणीत ते पूर्ण दिसत होतं, कान हलवताना सुद्धा. त्याच्या मागे, थोडं डावीकडे, आणखी एक पाठ दिसली. गोळी आरपार जाते. भाईजाननी घोडा हळूच परत बसवला. दोन्ही हरणं सीडारमध्ये शिरली.

तिसऱ्या दिवशी पहाटे एकटं आलं, पस्तीस पावलांवर. ठिपका खांद्यामागे धरला. ते दोन ढांगा टाकून बसलं. आम्ही धावलो. भाईजानचा गुडघा दुखतो, तरी ते पुढे होते, सुरी त्यांच्या हातात होती. पोहोचलो तेव्हा पोट वरखाली होत होतं. डोकं कोणत्या बाजूला वळवायचं, हे आम्ही होकायंत्रावर पाहून ठेवलेलं होतं.

भाभीने घरी कलेजी केली. जेवताना तिने एवढंच विचारलं, "या वेळी दिसत होतं ना?"