तांबड्या

तांबड्या आमच्याकडे आला तो पेरणीच्या तोंडावर. आधीच्या जोडीतला एक बैल घटसर्पानं गेला होता, म्हणून बाबांनी इंद्रवेल्लीकडच्या एका गोंड शेतकऱ्याकडून हा घेतला आणि मुक्काम करत करत पायी घरी आणला. कंधारी वळणाचा, गडद तांबडा, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखं काळं. उजव्या शिंगाचं टोक मोडलेलं. कुणाला शिंग लावायचा नाही, पण कुणाचं ऐकायचाही नाही. काकांनी डवऱ्याला जुंपला की तासात उभा राहायचा. काका ओरडून दमायचे, हा रवंथ करत राहायचा. “बहिरा हाय हे जनावर, पैसे पाण्यात गेले,” असं काकांनी जाहीरच करून टाकलं. बाबांनी कासरा हाती घेतला की मात्र तोच बैल कपाशीचं एक झाड न मोडता धुऱ्यापर्यंत जायचा. बाबांच्या हाताला गुण आहे, असं आम्ही धरून चाललो.

बाबा म्हणजे मुका माणूस. आई दहा गोष्टी सांगायची, बाबा एक ‘हं’ म्हणायचे. आम्हा पोरांशी तर तेवढंही नाही.

एका रात्री आईनं मला कंदील देऊन कालवडीला बघायला पाठवलं, तर गोठ्यातून हसणं ऐकू आलं. कुणी गोंड पाव्हणा आलाय असं वाटलं. आत बाबा एकटेच. तांबड्याचा कान उलटा धरून गोचीड काढायचे, रॉकेलच्या डबीत टाकायचे आणि त्याच्याशी गोंडीत बोलायचे. नुसता हुकूम नव्हे, काहीतरी लांबलचक गोष्ट चालली होती. मध्येच थांबून स्वतःच हसत होते. तांबड्यानं मान त्यांच्या मांडीवर सोडून दिली होती.

आमच्या बेल्याकडे, पैनगंगेच्या या काठाला, गोंडांना मराठी येतंच. म्हणून मराठी माणूस सहसा गोंडी शिकायच्या भानगडीत पडत नाही. बाबांना ती कुठून आली? आत्यानं सांगितलं. आजोबा गेल्यावर बाबांना लहानपणीच केस्लापूरकडच्या एका गोंड घरी गुरं राखायला ठेवलं होतं. ती निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. 1943 साली मानववंशशास्त्रज्ञ हायमेन्डॉर्फ यांनी मारलवाईला गोंड मुलांसाठी गोंडीतून शिक्षण सुरू केलं होतं, त्याची पुस्तकं देवनागरीत छापलेली. घरधन्याच्या मुलाकडे त्यातलं एक होतं. बाबांनी गुरांमागे बसून त्याच्याकडून अक्षरं गिरवली. शाळेचं तोंड न पाहिलेला आमचा बाप पेपर कसा वाचतो, हे कोडं तेव्हा सुटलं. मराठी वाचणारा हा माणूस आधी गोंडी वाचायला शिकला होता!

त्या वर्षी पौष अमावस्येला बाबांनी तांबड्याची गाडी जुंपली आणि आम्हाला केस्लापूरला नागोबाच्या जत्रेला नेलं. मेश्राम मंडळी गोदावरीचं पाणी घेऊन अनवाणी येतात, वडांखाली गाड्या सोडतात, तिथंच आम्हीही सोडली. एक म्हातारी आली. तिनं बाबांचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांना चांगलं फैलावर घेतलं. बाबा खाली मान घालून ऐकत होते, उत्तरं देत होते, भराभर, न अडखळता. मग पोराटोरांना गोळा करून असं काही सांगत बसले की सगळे हसून लोळले. आई तोंडाला पदर लावून नुसती बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस तिलाही नवाच होता.

परतताना तिनं विचारलं, “घरात का नाही बोलत असं?”

“तुम्हाला कुठं समजते,” बाबा म्हणाले.

तांबड्या म्हातारा झाला, दावणीलाच बसून राहिला, पण बाबांनी त्याला बाजार दाखवला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला पळसाच्या पानानं तूप-हळद लावताना उद्याच्या जेवणाचं आवतण ते त्याला गोंडीतच द्यायचे. नंतर आईही द्यायला लागली, मोडकंतोडकं.

तो गेल्यावर नांदेडकडून एक गोऱ्हा आला. त्याला मराठी चांगली समजायची. तरी बाबांनी त्याला पहिल्या दिवसापासून गोंडीचीच सवय लावली, आणि औत हाकायचं म्हणून माझ्या भावालाही ती शिकावी लागली.