शकीलाची नोंद सापडत नव्हती

जून 2024 मधली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. सातवी पास झालेल्या एका मुलीची आई शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आली. आमची उर्दू शाळा सातवीपर्यंतच. पुढं हायस्कूलला नाव घालायचं तर दाखला लागतो. लिपिकाने संगणकावर मुलीचं नाव उर्दूत टाइप केलं, शोधाचं बटण दाबलं आणि म्हणाला, "आपा, तुमच्या मुलीची नोंदच नाही."

बाई एकदम खाली बसल्या. सात वर्षं पोरगी रोज याच दारातून आत गेली होती.

ते सॉफ्टवेअर माझं. मी भाषेचा मास्तर, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण बी.एड. करताना संगणकाची गोडी लागली आणि पुढं इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याकडून सी शार्प शिकलो. विंडोजवर चालणारा छोटा प्रोग्राम, मागे ॲक्सेसचा डेटाबेस, समोर चार खिडक्या. गावातल्या शाळेत नेट कधी असतं कधी नसतं, म्हणून डेस्कटॉपवरच केलं. पहिल्या दिवशी तर ते शाळेच्या संगणकावर उघडेचना. माझ्या लॅपटॉपवर ऑफिस 64 बिटचं, शाळेत 32 बिटचं, त्यामुळे डेटाबेसशी बोलणारा दुवाच सापडत नव्हता. प्रोग्राम 32 बिटसाठी पुन्हा तयार केला आणि चालला. अशी अडचण बरी असते, कारण ती तोंडावर येऊन सांगते. मुलीचं प्रकरण तसं नव्हतं.

तिचं नाव इथं शकीला ठेवतो. खरं नाव वेगळं, पण घोटाळा करणारी अक्षरं तीच. जनरल रजिस्टरचा नंबर टाकला तर शकीला पडद्यावर हजर! नाव डोळ्यांना दिसतंय आणि शोधलं की संगणक म्हणतो, नाही. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामू, नावाकडे बघू नका, अक्षरांचे नंबर छापून बघा."

संगणक अक्षर ओळखतो ते त्याच्या युनिकोड क्रमांकावरून. लिपिकाने टाइप केलेल्या शकीलातला काफ होता 1705 क्रमांकाचा. डेटाबेसमधल्या शकीलाचा काफ निघाला 1603. 'ये' इकडे 1740, तिकडे 1610. शेवटचा 'हे' इकडे 1729, तिकडे 1607. पाच अक्षरांपैकी तीन वेगळी! जुन्या नोंदी ज्या संगणकावर भरल्या, तिथं उर्दूऐवजी अरबी कीबोर्ड बसवलेला होता. अरबी काफ आणि उर्दू काफ शब्दाच्या मध्ये आले की छपाईत जवळजवळ सारखेच दिसतात. आपण आकार वाचतो, संगणक आकडा वाचतो.

मराठीवाल्यांनी हसू नये. 'ॲडव्होकेट'मधला पहिला 'ॲ' एका क्रमांकाचा असू शकतो, किंवा 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन मिळूनही तो लिहिलेला असू शकतो. एका पद्धतीने शोधलं तर दुसरा सापडत नाही.

युनिकोडची तयार सामान्यीकरणाची सोय वापरून पाहिली. ती अरबी आणि उर्दू काफ एक करत नाही, कारण तिच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरंच आहेत. मग स्वतःच एक तक्ता केला. मूळ नाव जसंच्या तसं ठेवायचं, शेजारी फक्त शोधासाठी एक रकाना करायचा आणि त्यात तिन्ही अक्षरं उर्दू रूपात आणायची. शोधताना टाइप केलेलं नावही त्याच चाळणीतून काढायचं. मूळ मजकुराला मात्र हात लावायचा नाही. उद्या त्याच प्रोग्राममध्ये कुणी अरबीचा पाठ ठेवला तर त्याची अक्षरं बदलण्याचा मला काय हक्क?

हे सगळं नंतरच्या दोन रात्रींत केलं. त्या दिवशी मात्र नंबरावरून नोंद काढून दाखला छापला. बाईंना वाचता येत नाही, म्हणून लिपिकाने मोठ्याने वाचून दाखवला. "जन्मतारीख सात एप्रिल दोन हजार अकरा."

बाई म्हणाल्या, "नाही भाई. माझी पोरगी पावसात झाली. दवाखान्यात जाताना ओढ्याला पाणी होतं."

जनरल रजिस्टर काढलं. निळ्या शाईत स्पष्ट: 4 जुलै 2011.

चूक पूर्णपणे माझी होती. नोंद साठवताना मी तारीख वाक्यात मजकूर म्हणून चिकटवत होतो, आपल्या सवयीने आधी दिवस, मग महिना. ॲक्सेस अशी तारीख अमेरिकी पद्धतीने वाचतो, आधी महिना. 04/07 म्हणजे त्याला एप्रिलची सात. पण 25/07 दिली तर पंचविसावा महिना नसतो, मग तो गुपचूप उलटून बरोबर तारीख लावतो! त्याने तिथं अडून बसायला हवं होतं. मी चाचणीला घेतलेल्या तारखा कोणत्या? माझा वाढदिवस 23 तारखेचा, मग 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी. सगळ्या बरोबर आल्या आणि मी खूश झालो. वर्षात अशा 132 तारखा आहेत, ज्यांत दिवस बाराच्या आत आणि दिवस-महिना वेगळे. त्या सगळ्या उलटत होत्या.

दुरुस्ती चार ओळींची. तारीख मजकुरात चिकटवायची नाही, पॅरामीटर म्हणून स्वतंत्र द्यायची. (ॲक्सेसच्या बाबतीत हे पॅरामीटर नावाने नाही, क्रमाने बसतात, तिथं आणखी एक संध्याकाळ गेली.)

पण आधीच बिघडलेल्या नोंदींचं काय? सरसकट उलटवता येत नव्हत्या, कारण काही मुलांची नावं एक्सेलमधून थेट आली होती आणि त्यांच्या तारखा बरोबर होत्या. कुठली नोंद कुठल्या रस्त्याने आली, हे मी कुठंच साठवलेलं नव्हतं. शेवटी लिपिक रजिस्टर वाचायचा आणि मी पडद्यावर बोट ठेवायचो. शाळा सुटल्यावर रोज दीड तास, अकरा दिवस.

शकीलाच्या अम्मीला नवा दाखला त्याच दिवशी हाताने लिहून दिला. त्या आधी मात्र चुकीच्या तारखेचे तीन दाखले बाहेर गेलेले निघाले. दोघांच्या घरी मी स्वतः गेलो, माफी मागितली, बदलून दिले. तिसरं कुटुंब गाव सोडून कामासाठी भिवंडीकडे गेलंय. रजिस्टरमधला मोबाइल नंबर लागत नाही. दुरुस्त दाखला मुख्याध्यापकांच्या सहीनिशी माझ्या कपाटात आहे, आणि त्या मुलाच्या चुलत्याने ईदला गावी आल्यावर घेऊन जातो म्हणून सांगितलंय.