बघणारा कुठे उभा आहे?

रविवार, बेलापूर.

लेकीचा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या घनभूमितीचा सराव चालू आहे. षट्कोनी प्रिझम, त्याचा प्लॅन, वर एलिव्हेशन. न दिसणाऱ्या कडा तुटक रेषेने. शेजारी बसून मी व्हेन्झेल याम्नित्झरची चित्रं बघत होते. हा न्यूरेम्बर्गचा सोनार. १५६८ साली त्याने पाच नियमित घनाकृती घेतल्या आणि प्रत्येकीची २४ रूपं रचली: कोपरे छाटलेली, पोकळ केलेली, टोकं फुटलेली. योस्ट आम्माननं ती तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं कोरली. काही तर नुसते सांगाडे. पुढच्या दांड्यांमधून मागच्या दांड्या दिसतात, तरी नजर अडखळत नाही, कारण मागचं जरासं लहान आहे.

लेकीच्या कागदावर मागचं लहान होत नाही. तिथे मापं खरी, पण बघणारा कुठेच उभा नाही. याम्नित्झरकडे बघणाऱ्याला जागा मिळते आणि लगेच मापं हलतात. दोन्ही एकदम साधत नाही.

इथल्या पामबीच रोडवरच्या जाहिरात फलकांवरचे टॉवर याम्नित्झरच्याच वंशातले. घर घेणारा त्यांना भुलतो. बांधणारा मात्र लेकीच्या हातात आहे तसला कागद मागतो. उद्या तिला हे सांगायचं, म्हणजे तुटक रेषांचा कंटाळा थोडा कमी होईल.